गवाणीतला हिशेब: गोव्यातल्या चाऱ्यावर गाईचा आहार कसा बसवायचा

सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा, कुठल्याही गोठ्यात विचारा, गाईला काय घालता? उत्तर टोपल्यांत आणि डब्यांत येतं. दोन भारे हिरवं, एक पेंडी पेंढा, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन डबे खुराक. दूध उतरलं की त्यात तेलबियांच्या पेंडीची एक मूठ वाढते. तेवढ्याने दूध चढलं नाही की गाय बदलायच्या गोष्टी सुरू होतात. पुष्कळदा गाय चांगली असते, माल घालण्यातही हात आखडलेला नसतो. कमी काय पडतंय हे कुणी मोजलेलं नसतं, म्हणून जे कमी आहे ते सोडून भलतंच वाढवलं जातं.

हा हिशेब अवघड नाही. तीन आकडे बसवायचे आणि चौथ्याकडे लक्ष ठेवायचं. तीन आकडे म्हणजे सुका माल, ऊर्जा आणि प्रथिने. चौथं म्हणजे खनिजं, त्यातही कॅल्शियम.

सगळ्यात आधी सुका माल, कारण बाकीचे आकडे त्यावरच उभे राहतात. चाऱ्यातलं पाणी काढून टाकल्यावर जे उरतं तो सुका माल. पशुवैद्य त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. पेंढ्यात तो शंभरात ९० भाग असतो, गोणीतल्या खुराकातही साधारण तेवढाच. हिरव्या संकरित नेपियर गवतात मात्र शंभरात जेमतेम २०. म्हणजे १५ किलोचा हिरवा भारा गवाणीत टाकला तर गाईच्या पोटात ३ किलो माल जातो आणि १२ किलो पाणी. जुलैत, आठ दिवस संततधार लागल्यावर कापलेल्या कोवळ्या गवतात सुका माल १४ टक्क्यांवर येतो. भारा तेवढाच दिसतो, वजनही तेवढंच भरतं, पण आत ३ किलोऐवजी २ किलो १०० ग्रॅम. पावसात पोट भरलेलं दिसूनही दूध आणि फॅट उतरतात, त्याचं मोठं कारण हे आहे.

आपल्या चाऱ्यात किती पाणी आहे ते घरी मोजता येतं. भाऱ्याच्या मधून, वरून आणि खालून मूठ-मूठ काढा, बारीक कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर २०० ग्रॅम तोला. जुन्या लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहा. धूर निघू द्यायचा नाही. जळलं तर आकडा चुकतो. पंधरा-वीस मिनिटांनी तोला, पुन्हा पाच मिनिटं तापवा, पुन्हा तोला. दोन वेळा वजन सारखं आलं की पाणी संपलं. ४० ग्रॅम उरले तर सुका माल २० टक्के, २८ उरले तर १४ टक्के. जूनमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा केलं की वर्षाचा अंदाज बसतो.

गाय दिवसाला किती सुका माल खाऊ शकते, हे तिच्या वजनावर ठरतं. दुधाची संकरित गाय वजनाच्या अडीच ते तीन टक्के खाते. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ६६ आणि लांबी ६० असेल तर ३९६ किलो, म्हणजे ४०० धरा. गाय सपाट जागी चारही पायांवर सरळ उभी हवी, टेप सैल नको. घेरात दोन इंचांची चूक झाली तर वजनात २४-२५ किलोंचा फरक पडतो.

आता ऊर्जा. चाऱ्यातून पचून अंगी लागणारं जे काही आहे ते एका आकड्यात मांडतात, त्याला एकूण पचनीय घटक किंवा टीडीएन म्हणतात. प्रथिनांचा आकडा तुमच्या ओळखीचा आहे, गोणीवर छापलेला असतो. टीडीएन बहुतेक गोण्यांवर नसतो, म्हणून त्याचा विचारही होत नाही. आपल्याकडचा सगळा घोटाळा इथेच आहे.

४०० किलोची गाय दूध देवो न देवो, नुसतं जगायला, उभं राहायला, चालायला तिला दिवसाला साधारण ३.१३ किलो टीडीएन आणि ३१८ ग्रॅम प्रथिने लागतात. त्यावर ४ टक्के फॅटच्या प्रत्येक किलो दुधामागे ३२२ ग्रॅम टीडीएन आणि ९० ग्रॅम प्रथिने. किलो आणि लिटर इथे सारखेच धरले तरी चालतं. दहा लिटर दुधाच्या गाईचा हिशेब असा होतो: टीडीएन ३.१३ अधिक ३.२२, म्हणजे ६.३५ किलो. प्रथिने ३१८ अधिक ९००, म्हणजे १२१८ ग्रॅम. पहिल्या वेताची कालवड असेल तर तिचं अंग अजून वाढतंय, तेव्हा जगण्याच्या भागात २० टक्के वाढवा. दुसऱ्या वेताला १० टक्के.

आता गवाणीत काय आहे ते बघू. समजा ४ किलो भाताचा पेंढा आणि १५ किलो नेपियर. पेंढ्याचा सुका माल ३.६ किलो. त्यात प्रथिने साडेतीन टक्के, म्हणजे १२६ ग्रॅम. टीडीएन ४२ टक्के, म्हणजे १.५१ किलो. नेपियरचा सुका माल ३ किलो. त्यात प्रथिने ८ टक्के, म्हणजे २४० ग्रॅम. टीडीएन ५५ टक्के, म्हणजे १.६५ किलो. दोन्ही मिळून ३६६ ग्रॅम प्रथिने आणि ३.१६ किलो टीडीएन.

३.१६ आणि ३.१३ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एवढा चारा गाईला जगवतो आणि तिथेच संपतो. दुधाचा जवळजवळ प्रत्येक थेंब खुराकातून काढायचा आहे.

खुराक म्हणून गोणीतला तयार पशुखाद्याचा माल घेऊ. भारतीय मानक आयएस २०५२ प्रमाणे पहिल्या प्रकारात किमान २२ टक्के प्रथिने लागतात, दुसऱ्यात २०. आपण २० वाला धरू, आणि त्यातला टीडीएन गोणीतल्या वजनावर ६५ टक्के. असा खुराक ४ किलो घातला की ८०० ग्रॅम प्रथिने आणि २.६ किलो टीडीएन मिळतो. चारा आणि खुराक यांची बेरीज: प्रथिने ११६६ ग्रॅम, टीडीएन ५.७६ किलो.

प्रथिने ५२ ग्रॅमने कमी, म्हणजे अर्ध्या लिटर दुधाएवढीच तूट. टीडीएन मात्र ५९० ग्रॅमने कमी, म्हणजे पावणेदोन लिटरहून जास्त. गाय दहाऐवजी आठ-सव्वाआठ लिटरवर थांबेल, नाहीतर अंगावरची चरबी जाळून दहा देईल आणि दोन महिन्यांत बरगड्या दिसू लागतील. मग ती वेळेवर माजावर येत नाही, रेतन फळत नाही, आणि दोष रेतनाला दिला जातो.

अशा वेळी गोठ्यात शेंगदाण्याची पेंड आणली जाते. किलोभर पेंडीने टीडीएनची तूट भरते खरी, पण सोबत ४०० ग्रॅम प्रथिने येतात आणि त्यातली साडेतीनशे नको असतात. नको असलेली प्रथिने गाय साठवून ठेवत नाही. यकृत त्यांचा युरिया करतं, तो मूत्रावाटे जातो, आणि तो करायलाही ऊर्जा खर्च होते. गोठ्यात डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येत असेल तर तुमची पेंड गटारात चालली आहे असं समजा. त्याऐवजी किलोभर मक्याचा भरडा घाला. प्रथिने ८८ ग्रॅम, टीडीएन ७८० ग्रॅम. बेरीज होते प्रथिने १२५४ ग्रॅम, टीडीएन ६.५४ किलो. दोन्ही गरजेच्या किंचित वर. सुका माल ११.१ किलो, म्हणजे वजनाच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. गाय तो संपवू शकते. चाऱ्याचा वाटा ६० टक्के, खुराकाचा ४०. रवंथ चालू राहायला एवढा चारा हवाच.

पेंड वाईट आहे असं इथे म्हणायचं नाही. तूट ज्याची आहे ते घाला, एवढंच. जिथे चारा म्हणून नुसता पेंढा आहे आणि खुराक म्हणून घरच्या गिरणीचा कोंडा, तिथे प्रथिनेच कमी पडतात आणि पेंड लागतेच. आपल्याकडे खोबऱ्याची पेंड मिळते. तिच्यात प्रथिने २०-२२ टक्के आणि ऊर्जाही चांगली, म्हणजे गोणीच्या खुराकाच्या तोडीची. घाण्याच्या पेंडीत तेल राहतं, त्यामुळे पावसाळी हवेत ती लवकर खवट होते. नाकाला लावून बघा. जुन्या तेलाचा वास आला तर घेऊ नका. भाताच्या ताज्या कोंड्याचंही तेच: आठवड्याभरात संपेल तेवढाच आणा.

नुसत्या पेंढ्यावर दुधाची गाय का चालत नाही, तेही याच आकड्यांतून दिसतं. जगण्याचा ३.१३ किलो टीडीएन फक्त पेंढ्यातून काढायचा तर ८.३ किलो पेंढा लागतो. त्याचा सुका माल साडेसात किलो. अकरा किलोच्या पोटात उरली जागा साडेतीन-पावणेचार किलोंची, आणि तेवढ्यात दहा लिटर दुधाची ऊर्जा बसवायची तर मक्याहूनही दाट खुराक हवा. असा खुराक बाजारात नाही. पोटच भरलेलं असतं, मग पैसे कितीही ओता. म्हणून सात-आठ लिटरच्या वर दूध देणारी गाय असेल तर हिरव्या चाऱ्याची थोडी तरी जागा हवी. माडांच्या रांगांमध्ये, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला, गोठ्याचं धुवण जातं त्या पाटाजवळ नेपियरच्या दोन-तीन रांगा बसतात. पहिली कापणी लागवडीनंतर अडीच महिन्यांनी, पुढच्या ४० ते ४५ दिवसांनी. ६० दिवसांच्या पुढे उभं ठेवलं तर उंची वाढते, गठ्ठा मोठा दिसतो, पण दांडा लाकडासारखा होतो आणि प्रथिने ५-६ टक्क्यांवर येतात. उंच नेपियरचा अभिमान बाळगू नये.

पेंढा सुधारायचा एक जुना, खात्रीचा उपाय आहे: युरियाची प्रक्रिया. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरा, पेंढ्याचा वीतभर थर द्या, झारीने पाणी सारखं शिंपडा, पायाने घट्ट दाबा, पुढचा थर. सगळं झालं की वरून प्लॅस्टिकने हवाबंद करा, कडा मातीने दाबा आणि २१ दिवस हात लावू नका. उघडल्यावर पेंढा पिवळा-तपकिरी, मऊ आणि अमोनियाच्या वासाचा असायला हवा. प्रथिने साडेतीनवरून सातच्या आसपास जातात, पचनही वाढतं, आणि गाय तो जास्त खाते. घालण्याआधी तासभर पसरून ठेवा. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. आपल्याकडे हे काम नोव्हेंबर ते मे याच काळात करावं. पावसात प्लॅस्टिकला एक भोक पडलं तरी आतला सगळा गठ्ठा बुरशीने काळा होतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. युरिया बादलीतल्या पाण्यात किंवा आंबोणात कधीही ढवळून देऊ नका. एकदम पोटात गेलेला युरिया कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या मोठ्या पोटात) काही मिनिटांत अमोनिया होतो, रक्तात चढतो, गाय थरथरते, फुगते, कोसळते. डॉक्टर पोहोचायच्या आत संपते. युरियाची पिशवी आणि खुराकाची गोणी एका खोलीत ठेवूच नयेत.

गोव्यात हाताशी असलेल्या दोन गोष्टींचा हिशेब वेगळा करायला हवा. पहिली बिअरच्या कारखान्यातून येणारा बार्लीचा ओला चोथा. स्वस्त वाटतो, पण त्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. ५ किलो चोथ्यात सुका माल १.१५ किलो, प्रथिने २९० ग्रॅम, टीडीएन ८०० ग्रॅम. म्हणजे ५ किलो चोथा बरोबर सव्वा किलो गोणीचा खुराक. भाव पटतो की नाही हे याच मापाने बघा: सव्वा किलो खुराकाची किंमत एका बाजूला, पाच किलो चोथ्याची वाहतुकीसकट किंमत दुसऱ्या बाजूला. आणि तो टिकत नाही. एप्रिलच्या उन्हात दुसऱ्या दिवशीच आंबट वास धरतो, तिसऱ्या दिवशी वर पांढरी-हिरवी बुरशी. बुरशीचा थर काढून खालचा घालणं धोक्याचं आहे, कारण विष डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीपुरतं राहत नाही आणि त्यातलं काही दुधातही उतरतं. दहा लिटरच्या गाईला ५-६ किलोंवर जाऊ नका. ड्रममध्ये दाबून, हवा काढून, वर मीठ पसरून झाकला तर थोडे दिवस अधिक मिळतात.

दुसरी गोष्ट काजूच्या बोंडांचा चोथा. मार्च ते मे, भट्ट्यांच्या बाजूला रस काढलेल्या बोंडांचे ढीग पडलेले असतात. ताजा चोथा गाय आवडीने खाते, पण तो काही तासांत आंबायला लागतो, आणि त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनांना धरून ठेवतं. ढिगातला कालचा, दारूचा वास येणारा चोथा टोपलीभर घातला की गाय झिंगते, पोट बिघडतं. रस काढल्याच्याच दिवशी खळ्यावर बोटभर जाडीचा थर पसरा, दिवसातून दोनदा उलटा, चुरगाळल्यावर कुरकुरीत मोडेपर्यंत वाळवा. मग भरडून पोत्यात भरा आणि खुराकाच्या मिश्रणात दहा टक्क्यांपर्यंत वापरा. तेव्हा ऊन फुकट असतं, चोथा फुकट असतो. पावसाळ्यात गोणीचा भाव हलका करायला तो कामी येतो.

आणखी एक माल गोठ्यात येतो, त्याचा धसका घ्यायला हवा: शिजलेला भात. लग्नाच्या मांडवातून, जत्रेच्या महाप्रसादातून, हॉटेलातून उरलेलं. अन्न वाया जाऊ नये या चांगल्या भावनेने कुणीतरी बादली आणून देतं आणि गाय ती मिनिटांत फस्त करते. पुढे काय होतं? रवंथ करणाऱ्या पोटात चारा मुरवणारे जिवाणू आम्लतेचं माप, म्हणजे पीएच, ६ ते ७ असेल तोवर कामाचे. पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त. भातातलं पिष्ट (स्टार्च) एकदम सापडलं की दुसऱ्याच जातीचे जिवाणू फोफावतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच साडेपाचच्या खाली जातो. पाचक जिवाणू मरतात. अंगातलं पाणी कोठीपोटात ओढलं जातं. संध्याकाळी गाय उभी असते, पण रवंथ बंद. डाव्या कुशीला मूठ दाबली तर आत पाण्याने भरलेली पिशवी हलल्यासारखी वाटते. शेण पातळ, राखाडी, आंबट वासाचं. डोळे खोल जातात. दुसऱ्या दिवशी ती बसते, आणि बसलेली उठत नाही. इतकं सगळं एका बादलीने होतं. रवंथ थांबलेली दिसताच डॉक्टरांना बोलवा. तोवर दाणा बंद, पेंढा पुढे ठेवा. भात द्यायचाच असेल तर मूठभर, पेंढ्यात मिसळून, आणि तोही रोज मिळणार असेल तरच, कारण पोटातल्या जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो.

हाच नियम कुठल्याही बदलाला. नवी गोणी, नवी पेंड, उन्हाळ्याच्या पेंढ्यावरून पावसाच्या हिरव्यावर जाणं: सगळं ७ ते १० दिवसांत, रोज थोडं जुनं काढत आणि थोडं नवं घालत. खुराक दिवसाला चार किलोंच्या वर जात असेल तर तीन वेळांत वाटा. आणि आधी थोडा पेंढा, मग खुराक. रिकाम्या पोटी दाणा पडला की भाताचीच गोष्ट लहान प्रमाणात घडते.

खनिजांकडे येऊ. दहा लिटरच्या गाईला दिवसाला साधारण ४८ ग्रॅम कॅल्शियम आणि ३१ ग्रॅम फॉस्फरस लागतं. वरच्या आहारात ते कागदावर जमल्यासारखं दिसेल. पण भाताच्या पेंढ्यात आणि नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून शेणावाटे बाहेर नेतं. म्हणजे आपल्या भागातले दोन मुख्य चारे दोन्हीही कॅल्शियम चोरणारे. म्हणून दुधाच्या गाईला रोज १०० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३०-४० ग्रॅम मीठ. शंभर ग्रॅम किती, ते एकदा तोलून एखाद्या वाटीवर खूण करून ठेवा. चमच्याच्या अंदाजाने हमखास निम्मं पडतं. भाकड गाईला ५० ग्रॅम पुरे. विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. तेव्हा बाहेरून भरपूर मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि विल्यावर चिकाला एकदम मागणी आली की गाय आडवी होते. कान थंड, मान कुशीकडे वळलेली. दुधी ताप म्हणतात तो हाच.

चांगली दुभती गाय आणि श्वेतकपिला यांना एकच माप लावू नये. श्वेतकपिला ही गोव्याची नोंदलेली देशी जात, अंगाने लहान. २२० किलोची धरली तर तिच्या जगण्याला २ किलो टीडीएन पुरतो, म्हणजे डोंगरावरची चराई आणि संध्याकाळी थोडा पेंढा. दोन-अडीच लिटर दुधासाठी वर किलोभर खुराक भरपूर झाला. तिला चार किलो घातला तर दूध वाढत नाही, चरबी वाढते.

हाच हिशेब वाढीच्या जनावरालाही चालतो. गोव्यात गाईच्या कत्तलीला १९७८ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मांसासाठी पोसायचा विचार बहुधा रेड्याचाच होतो. २०० किलोच्या रेड्याने दिवसाला अर्धा किलो वाढावं असं वाटत असेल तर साधारण ३ किलो टीडीएन आणि ६०० ग्रॅम प्रथिने लागतात. २ किलो पेंढा, ८ किलो नेपियर, २ किलो खुराक: बेरीज करून बघा, प्रथिने ५९१ ग्रॅम, टीडीएन २.९४ किलो. कालवडीलाही जवळपास हेच. वाढीच्या वयात आधी हाडं आणि मांस तयार होतं, चरबी नंतर. म्हणून लहानपणी प्रथिनांवर हात आखडला की पुढे कितीही मका घातला तरी सांगाडा मोठा होत नाही. आपल्याकडे नर पारडं दुधावरून लवकर तोडतात आणि पेंढ्यावर सोडतात. तिथेच त्याचं वर्ष जातं.

भावाचा हिशेब किलोवर करू नका, टीडीएनवर करा. इथले टक्के सुक्या मालावर नाहीत, पाण्यासकट वजनावर आहेत. समजा गोणीचा खुराक किलोला ३० रुपये पडतो. त्यातला टीडीएन ६५ टक्के, तेव्हा एक किलो टीडीएन ४६ रुपयांना. मका २८ रुपये, टीडीएन ७८ टक्के, म्हणजे ३६ रुपये. घाटावरून आलेला पेंढा १० रुपये, टीडीएन ३८ टक्के, म्हणजे २६ रुपये. घरचा नेपियर मजुरीसकट अडीच रुपये, टीडीएन ११ टक्के, म्हणजे २३. आकडे तुमच्या गावच्या भावाचे घाला. प्रथिनांसाठीही असाच भागाकार करता येतो. दुकानदार गोणीमागे किती सूट देतो यापेक्षा हा भागाकार जास्त बोलतो.

साठवणीत होणारं नुकसान हिशेबात दिसत नाही, पण जून ते सप्टेंबर ते चालूच असतं. गोण्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर. महिनाभराचाच माल भरा. पेंढ्याची उडवी तळाला दगड-फळ्या घालून वर उचललेली हवी. पावसाळ्यातला पेंढा हातात घेऊन झटका. पांढरी धूळ उडाली तर ती धूळ नाही, बुरशी आहे.

कागदावर बसलेला आहार गाईने मान्य केला का, हे तिलाच विचारावं लागतं. दुपारी गाई बसलेल्या असताना गोठ्यात जा. बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असायला हव्यात. एका घासाला किती वेळा चावते ते मोजा: ५० ते ६० ठीक, ४० च्या खाली असेल तर लांब धाग्याचा चारा कमी आहे, पेंढा वाढवा. शेणाचा पो बघा. मधे किंचित खड्डा असलेला, दोन-तीन बोटं उंच पो म्हणजे बेत जमला. पाण्यासारखं पसरत असेल तर खुराक जास्त किंवा गवत फार कोवळं; रचलेल्या गोवऱ्यांसारखं घट्ट असेल तर प्रथिने किंवा पाणी कमी. शेण नळाखाली चाळणीत धुऊन बघा. मक्याचे अख्खे दाणे निघाले तर भरडा आणखी बारीक हवा. तुम्ही पैसे देऊन आणलेला मका कोंबड्या खात आहेत. संकरित गाईचं फॅट ३.२ च्या खाली आलं की पेंढ्याचा वाटा तपासा. सकाळी गवाण अगदी चाटून पुसून स्वच्छ असेल तर गाय अर्धपोटी आहे. थोडा चारा, शंभरात पाचएक भाग, उरायला हवा.

पाणी सांगायचं राहून जातं, म्हणून इथे. दहा लिटरच्या गाईला दिवसाला ७० ते ८० लिटर, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. दोन वेळा बादली दाखवून एवढं होत नाही. पाणी तिच्यासमोर दिवसभर हवं. आणि त्या दोन महिन्यांच्या दमट उकाड्यात गाय दुपारी खायचं टाळते, कारण चारा पचताना अंगात उष्णता होते. पेंढ्याचा मोठा वाटा रात्री नऊनंतर गवाणीत टाका, खुराक पहाटे. जो चारा दुपारी तोंड न लावता पडून राहतो, तोच रात्री संपलेला दिसेल.